बदली कासवांचं बेट (मॉरिशसमधला एक दिवस)

तळ्यातमळ्यात | रविवार, रात्री ९:५०

मॉरिशसवर इथे आधीच आठ-दहा धागे आहेत. निळं पाणी, पॅरासेलिंग, गंगा तलाव, सात रंगांची माती, सगळं येऊन गेलंय. त्यातलं काहीच पुन्हा लिहीत नाही. हा धागा एकाच दिवसाचा आहे, त्यातही दुपारपर्यंतचा.

सुरुवात घोळाने झाली. टूरवाल्याला आम्ही 'कासवांचं बेट' एवढंच सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि इल ओ सेर्फचं बुकिंग करून ठेवलं. ते पूर्व किनाऱ्यावर आहे, तिथे बार्बेक्यू, बनाना राइड आणि गोल्फचं मैदान. मला हवं होतं ते इल ओ एग्रेत. हे आग्नेयेला, माएबूर गावाजवळ, विमानतळापासून फार लांब नाही. आदल्या रात्री कागद नीट वाचला म्हणून निदान दिवस वाचला. पैसे बुडाले. नवरा अजून मधूनमधून त्यावर बोलतो.

तर आम्ही चौघं: मी, नवरा, चौथीतला मुलगा आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. प्वांत जेरोमच्या धक्क्यावरून होडी सुटते. बेट समोरच दिसतं, किलोमीटरभरसुद्धा अंतर नाही. आणि बघताक्षणी वाटलं, फसलो. डोंगर नाही, झावळ्या नाहीत, नुसतं सपाट खुरटं रान. २६ हेक्टर, दादरकरांसाठी सांगायचं तर सव्वादोन शिवाजी पार्क. आपलं आपण हिंडायची सोय नाही. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था १९८०च्या दशकापासून बेट सांभाळते आणि तिच्या गाइडबरोबरच फिरावं लागतं. आमची गाइड पंचविशीतली मुलगी होती, इंग्रजी फ्रेंच वळणाचं आणि चाल भराभर.

बाकी मॉरिशस ज्वालामुखीचं, हे बेट मात्र प्रवाळाच्या चुनखडीचं. पायाखालचा दगड जाळी पडल्यासारखा आणि धारदार. सासूबाई चपलेवर आल्या होत्या. तुम्ही बूट घाला.

पहिला पक्षी दिसला तो बेटाचा हिरो, गुलाबी कबूतर. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे आपल्या गॅलरीतलंच की. नुसतं धुतलेलं." मी हसले, पण खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत मलाही तसंच वाटलं होतं. मग ते फांदीवर वळलं. छाती फिकट गुलाबी, पाठ कॉफीच्या रंगाची, शेपटी विटकरी, आणि पायात रंगीत कड्या. गाइड म्हणाली, कड्यांवरून आम्हाला कोण कुठलं ते कळतं. १९९०च्या सुमारास जंगलात अशी दहाच्या आसपास कबुतरं उरली होती. दहा. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर याहून जास्त बसतात. आता मॉरिशसमध्ये काहीशे झाली आहेत, आणि त्यांच्यासाठी खाण्याच्या पेट्या टांगलेल्या आहेत.

मग कासव. दिसायच्या आधी ऐकू आलं. गुरं गवत ओरबाडतात ना, तसा आवाज झुडपामागून, पण संथ, मध्ये मोठा विराम घेऊन. वाट वळली आणि मधोमध एक काळा घुमट. मोठे नर अडीचशे किलोपर्यंत भरतात म्हणे. जवळ गेलो तसं त्याने फुस्स करून मान आत ओढली. मुलगा दोन पावलं मागे. गाइड म्हणाली, रागावलेलं नाही, मान आत घ्यायची तर फुफ्फुसातली हवा बाहेर टाकावी लागते, तिचा आवाज. पाच मिनिटांनी मान परत बाहेर आली. म्हाताऱ्या माणसाच्या कोपरासारखी त्वचा, ओले डोळे. सासूबाईंनी हात जोडले. गाइड बघतच राहिली, तेव्हा मी तिला सांगितलं की आमच्याकडे शंकराच्या देवळात नंदीच्या बरोबर जमिनीवर कासव कोरलेलं असतं, आत जाताना आधी त्याला नमस्कार.

आणि तेव्हा ती म्हणाली, "पण हे इथलं नाही."

मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं होती, दोन जातींची. डच खलाशी सोळाव्या शतकाच्या अखेरीस आले. जिवंत कासवं जहाजात रचून न्यायची आणि लागतील तशी कापायची. उरलेल्यांची अंडी-पिल्लं उंदीर-डुकरांनी संपवली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्य बेटावरून दोन्ही जाती गेल्या. आता इथे दिसतात ती अल्डाब्राची, सेशेल्समधल्या एका दूरच्या प्रवाळबेटाची. २०००पासून त्यांना या बेटावर मुद्दाम मोकळं सोडलंय, कारण जंगलातलं एक काम अडून राहिलं होतं.

काम कोणतं? एबनी, म्हणजे काळ्या, कठीण लाकडाचं झाड. इथला एबनी डायोस्पायरॉस एग्रेटारम, नावातच हे बेट. त्याचं मोठं फळ गिळून बी दुसरीकडे टाकेल असं कोणीच शिल्लक नव्हतं. फळं झाडाखाली पडायची आणि तिथेच कुजायची. गाइडने वाटेतला एक वाळका पो काडीने फोडून दाखवला. आत गवत, काड्या आणि चार गुळगुळीत बिया.

मुलाने विचारलं, "म्हणजे आमच्या बाई रजेवर गेल्या की दुसऱ्या बाई येतात तसं?" गाइडला भाषांतर करून सांगितलं, ती म्हणाली, अगदी तसंच. मुलगा म्हणाला, "पण आमच्या बाई परत येतात."

यावर कोणी काही बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "आमचे हे गिरणीत लागले तेव्हा बदली कामगारच होते. रोज दारात उभं राहायचं, कोणी आलं नाही तर आत. सात वर्षांनी कायम झाले." आणि कासवाकडे बघून, "हे कायम झालं का?"

याचं भाषांतर मला जमलं नाही.

पुढचं थोडक्यात. मुलाच्या बुटावर एक जाडजूड सापसुरळी येऊन बसली आणि लेस चाखून गेली. हिरव्यागार पाली दिवसाढवळ्या फिरताना दिसल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश तोफा आहेत, नवऱ्याने तिथे फोटो काढले. एका वळणावर डोडोचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. झाडीत तो असा अचानक समोर येतो की क्षणभर खराच वाटतो. बाराच्या आत परत धक्क्यावर. माएबूरला गाडीवरची दालपुरी खाल्ली. ती आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण आहे, यावर वाद नको.

लहान पक्षी होते दोन-तीन. नावं विसरले.


खाकरा | रविवार, रात्री १०:१५

छान. फोटो दिसत नाहीयेत.


शिपाईबुलबुल | रविवार, रात्री ११:३०

"लहान पक्षी होते दोन-तीन, नावं विसरले." ताई, हे वाक्य वाचून झोप उडाली. त्या दोन-तीन पक्ष्यांसाठी लोक अर्धं जग ओलांडून येतात हो.

एक असणार मॉरिशस फोडी. विणीच्या काळात नराचं डोकं लालभडक. आपल्या सुगरणीच्या कुळातला, फक्त खोपा तिच्याइतका देखणा नाही. दुसरा ऑलिव्ह व्हाइट-आय, म्हणजे आपल्या चष्मेवाल्याचा भाऊबंद, डोळ्याभोवती तसंच पांढरं वलय. चष्मेवाला आपल्या बागेत थव्याने येतो. हा मात्र अतिसंकटग्रस्त यादीत आहे. दोघेही मुख्य बेटाच्या डोंगरात मरणपंथाला लागले होते, कारण घरट्यातली अंडी उंदीर आणि माकडं खातात. इल ओ एग्रेतवरचे उंदीर १९९१मध्ये संपवले होते, म्हणून या दोघांना पुढे तिथे आणून वसवलं.

कबुतरांचं श्रेय मुख्यतः कार्ल जोन्स या वेल्श माणसाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना जातं. तो १९७९मध्ये मॉरिशसला आला तेव्हा तिथल्या खरूचीची, म्हणजे छोट्या ससाण्याची, अवस्था कबुतराहून वाईट होती. १९७४मध्ये जंगलात अवघ्या चार खरूच्या माहीत होत्या. आज पाय मोकळे करायला फर्नेच्या खोऱ्यात गेलात तर दिसू शकते. आणि आकाशात लांब शेपटीचा पांढरा पक्षी दिसला असेल तर तो पाय-आं-क्यू. अर्थ 'शेपटीत गवताची काडी'. यापेक्षा नेमकं नाव पक्ष्याला मिळणं कठीण.

माझ्या नावाचा पक्षीही तिथे बख्खळ आहे. भारतातून नेलेला. तिथे त्याला उपद्रव समजतात. नम्रपणे नोंदवतो.


हळदकुंकू | सोमवार, सकाळी ८:०२

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. पुढील लेखनास शुभेच्छा.


सरळरेघ | सोमवार, सकाळी १०:४०

लेखन चांगलं आहे, पण भारावून जाण्यासारखं काय ते कळलं नाही. परदेशी कासवं, पेटीतला दाणा खाणारी कबुतरं, बाहेरून आणून सोडलेल्या सापसुरळ्या, मरून गेलेल्यांचे पुतळे. याला आपण मराठीत प्राणिसंग्रहालय म्हणतो. पिंजरा नाही कारण चहूकडे पाणी आहे.

आणि जे गेलं ते गेलं. बदली कामगाराचं उदाहरण भावनेला हात घालतं, पण ते मध्येच सोडलंय. कायम झालेल्यांचं पुढे काय झालं? गिरणीच राहिली नाही.


तळ्यातमळ्यात | सोमवार, दुपारी १:२०

@शिपाईबुलबुल, चुकलं. मुलाच्या वहीत बघितलं, त्याने 'लाल डोक्याची चिमणी' असं लिहून चित्र काढलंय.

@सरळरेघ, सासऱ्यांची गिरणी १९८२च्या संपानंतर पुन्हा धड उभी राहिलीच नाही, हे बरोबर आहे. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाल्या, "सात वर्षं रोज दारात उभं राहिले म्हणून मुलं शिकली, ते त्यांना सांग." सांगितलं.


टेंभुर्णी | सोमवार, सायंकाळी ७:५५

वनस्पतींचा माणूस आहे, म्हणून झाडाच्या बाजूने बोलतो.

आधी एक नातं. इल ओ एग्रेतवरचा एबनी आणि ज्याच्या पानांत विडी वळतात तो आपला टेंभुर्णी एकाच डायोस्पायरॉस प्रजातीतले. विदर्भातल्या कोणीही ते फळ बघून ओळखलं असतं. टेंभरं खाऊन बिया टाकायला आपल्याकडे अस्वल आहे, कोल्हा आहे, माकडं आहेत. मॉरिशसला वटवाघळं सोडली तर स्थानिक सस्तन प्राणी नव्हतेच. मोठी फळं गिळायची ती कासवांनी, डोडोने, थोराड पक्ष्यांनी. तेवढे गेले आणि झाडांचा टपालवाला गेला.

@सरळरेघ, नुसत्या भावनेचं म्हणता, तर मोजलेलंही आहे. कासवांना सोडून दहाएक वर्षं झाल्यावर, २०११मध्ये, तिथल्या संशोधकांनी निष्कर्ष छापले. कासवाच्या पोटातून गेलेलं एबनीचं बी न गेलेल्यापेक्षा चांगलं रुजतं, आणि पूर्वी तोडून उजाड केलेल्या भागांत कासवांनी नेलेल्या बियांपासून एबनीची दाट रोपं आली. प्राणिसंग्रहालयातलं जनावर जंगल लावत नाही.

आणखी एक गंमत. या बेटांवरच्या बऱ्याच झाडांची लहानपणीची पानं मोठेपणीच्या पानांपेक्षा अगदी वेगळी असतात. अरुंद, कधी तांबूस, वेगळ्याच झाडाची वाटावीत अशी. झाड कासवाच्या तोंडाच्या वर गेलं की पानं बदलतात. कासवापासून लपायची ही युक्ती असावी असा कयास होता, म्हणून अल्डाब्राच्या कासवांना दोन्ही प्रकारची पानं घालून बघितली. त्यांनी मोठेपणीची पानं जास्त पसंत केली. म्हणजे कासवं गेली तरी झाडं अजून त्यांना घाबरून आहेत.

(सुबाभूळ तिथेही माजलेली आहे. आपल्याकडे ती वनीकरणाच्या नावाखाली लावली, त्यावर मला बोलायला लावू नका.)


सरळरेघ | सोमवार, रात्री ९:१०

पानांचं आवडलं. मुद्दा तरी राहतोच. कासव काय फक्त एबनीचंच बी टाकतं? सुबाभळीसारख्या उपऱ्या झाडांचंही टाकणार. मग ती उपटायला माणूस. कबुतराला दाणा घालायला माणूस. माणसाने हात काढला तर हे जंगल किती वर्षं टिकेल?


टेंभुर्णी | सोमवार, रात्री ९:३५

उपरं बी टाकतं, मान्य. तण हातानेच उपटतात, हेही मान्य. हात काढला तर टिकणार नाही. पण हात आधी कोणी घातला?


कास्कावेलची_लेक | मंगळवार, पहाटे ३:१८

नमस्कार. मी मॉरिशसची. माझे मराठी शाळेतले आहे, आजीने घरात शिकवलेले थोडे वेगळे आहे, चुका झाल्या तर क्षमा करा. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर कामाला आले. कागद करताना पणजोबांचे नाव कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, तेच आता आमचे आडनाव आहे.

तुम्ही खलनायकांची यादी अर्धीच दिली आहे. मी पूर्ण करते. साळुंकी: १७६२ साली फ्रेंचांनी भारतातून आणली, टोळ खाण्यासाठी. मुंगूस: भारतातून, उंदीर खाण्यासाठी. त्याने उंदरांबरोबर पक्षीही खाल्ले. पोपट: भारतातून, पिंजऱ्यातून सुटला, आता आमच्या एको पोपटाच्या ढोलीत घुसतो. बुलबुल: वर कबूल झालेच आहे. आणि इल ओ एग्रेतवर उंदीर संपले, मांजरे संपली, पण एक प्राणी संपत नाही. तो कोण? तुमची चिचुंद्री. १९९९ साली तिला संपवण्याचा मोठा प्रयत्न झाला, फसला. जवळच्या एका छोट्या बेटावर जमले, इथे नाही. मुलाच्या बुटावर बसली ती मोठी सापसुरळी फक्त राऊंड आयलंडवर उरली होती. २००६ साली इथे आणून सोडली. ती चिचुंद्रीच्या पिल्लांना खाते असे आमचे गाइड सांगतात.

माझी आजी हे ऐकून म्हणायची, सगळी वाईट जनावरे आपल्याच गावची. मी म्हणायचे, आजी, आपणही त्याच समुद्रातून आलो. ती म्हणायची, आपण ऊस लावला.

बेटाचे नाव एग्रेत म्हणजे बगळे. बगळे आता तिथे बघितल्याचे मला आठवत नाही. आम्ही लहानपणी शाळेतून जायचो. क्रेओलमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या बोलीत, कासव म्हणजे 'तोर्ती'.


दर्यावर्दी६८ | मंगळवार, सकाळी ११:००

मर्चंट नेव्हीत हयात गेली, म्हणून 'खलाशांनी कासवं खाल्ली' याबद्दल दोन शब्द. बचाव नाही करत.

बर्फ नाही, डबाबंद अन्न नाही. सहा-सहा महिने खारवलेलं मांस आणि किडलेली बिस्किटं. अशात एक जनावर मिळतं जे अन्नपाण्याशिवाय तळघरात कित्येक महिने जिवंत राहतं, ओरडत नाही, पळत नाही. ते उलथं टाकलं की काम झालं. त्यांचा हा गुणच त्यांच्या मुळावर आला. शेजारच्या रॉद्रिग्ज बेटावर १६९१मध्ये फ्रांस्वा लगा नावाचा फ्रेंच निर्वासित उतरला होता. त्याने लिहून ठेवलंय की कासवांचे कळप इतके मोठे की जमिनीला पाय न लावता त्यांच्या पाठींवरून शंभर पावलं चालत जाता येईल. आज तिथे त्याच्याच नावाचं उद्यान आहे. आणि त्यातही बदलीवरचीच कासवं.

आता आमच्या काळातलं पाप. २५ जुलै २०२०ला 'वाकाशिओ' हे तीनशे मीटर लांबीचं जहाज नेमकं इथे, प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढलं. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि हजार टनांच्या आसपास इंधन तेल या खाडीत आलं. कारण काय, तर किनाऱ्याजवळून गेलं की मोबाइलला रेंज मिळते. चौकशीत हेच बाहेर आलं. कप्तान आपल्या देशाचा होता. मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, अशी 'जरा जवळून जाऊ' ही वाक्यं ऐकलेली आहेत. घरी पोराचा वाढदिवस असतो, महिनोन्‌महिने आवाज ऐकलेला नसतो. कळतं. तरी नकाशा तो नकाशा.


कास्कावेलची_लेक | मंगळवार, दुपारी २:४५

काका, त्या ऑगस्टमध्ये मी माएबूरला होते. वास आधी आला. कोविडचा काळ होता, तरी लोक सरकारची वाट न बघता किनाऱ्यावर जमले. उसाची वाळलेली पाने, तुम्ही त्याला काय म्हणता माहीत नाही, ती कापडात भरून लांबलचक उशा शिवल्या आणि पाण्यात सोडल्या, तेल अडवायला. काहींनी केस कापून दिले. माझ्या वहिनीने दिले. इल ओ एग्रेतवरून दुर्मिळ पक्षी आणि रोपवाटिकेतली रोपे मुख्य बेटावर हलवली. कासवे मात्र हलवणे सोपे नव्हते. अडीचशे किलो.


टेंभुर्णी | मंगळवार, दुपारी ३:०५

पाचट. आम्ही त्याला पाचट म्हणतो. आणि आमच्याकडे ते जाळतात.


कास्कावेलची_लेक | मंगळवार, दुपारी ३:०९

पाचट! आजी हाच शब्द म्हणायची. मला तो क्रेओल वाटत होता.


चिंगीची_आई | मंगळवार, रात्री ८:३०

मे महिन्यात जातोय. मुलगी सहा वर्षांची. कासवावर बसता येतं का? एका ठिकाणचे फोटो बघितले होते, मुलं पाठीवर बसलेली.


शिपाईबुलबुल | मंगळवार, रात्री ८:४१

नाही. बसू नये. कुठेही.


मोकळाढाकळा | मंगळवार, रात्री ९:००

अडीचशे किलोच्या जनावराला वीस किलोची पोर काय जड? उगाच बाऊ.


शिपाईबुलबुल | मंगळवार, रात्री ९:१४

पाठ म्हणजे खुर्ची नाही, साहेब. ते कवच बरगड्या आणि कण्यापासूनच बनलेलं असतं, त्यात जीव असतो, त्याला स्पर्श कळतो. उद्या तुमच्या पाठीवर कोणी बसलं तर तुम्हीही मरणार नाही, तरी बसू देणार नाही.


तळ्यातमळ्यात | मंगळवार, रात्री १०:०५

@चिंगीची_आई, बसू देत नाहीत, पण त्याहून छान गोष्ट होते. गाइडने परवानगी दिल्यावर मुलाने एका कासवाच्या मानेखाली हलकेच खाजवलं. त्याने चारही पाय सरळ केले, उंच झालं, मान जितकी ताणता येईल तितकी ताणली आणि डोळे मिटून तसंच उभं राहिलं. खाजवणं थांबलं तरी खाली बसेना. ऊन वाढायच्या आत जा, दहानंतर कासवं झाडाखाली सरकतात आणि मग तासन्‌तास दगड होऊन पडतात. मुलीला लांब पँट घाला, डास आहेत. होडीची वेळ आधी ठरवून घ्या. आणि टूरवाल्याला 'कासवांचं बेट' म्हणू नका. नाव लिहून द्या. सेर्फ नव्हे, एग्रेत.


जुनापुराणा | बुधवार, सकाळी ७:२०

अवांतर: कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं 'अद्वैत' हेही अल्डाब्राचंच कासव. रॉबर्ट क्लाइव्हच्या घरी होतं अशी आख्यायिका, वय अडीचशे असंही म्हणत. मार्च २००६मध्ये गेलं. मी लहानपणी वडिलांबरोबर बघितलं होतं. तेव्हा आमच्यात आणि त्याच्यात जाड गज होते आणि ते भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

अतिअवांतर: डोडो तर आपल्या सुरतेला येऊन गेलाय. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने शाहजहानच्या काळात तिथे दोन डोडो बघितल्याचं लिहिलंय. आणि जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं एक चित्र आहे, तो डोडो बहुधा जिवंत पक्षी समोर ठेवून रंगवलेला. जाड, तपकिरी, बाजूला इतर पक्षी. युरोपातल्या पुष्कळ चित्रांपेक्षा तो खरा वाटतो.


हळदकुंकू | बुधवार, सकाळी ९:५०

सुरतेला डोडो! महाराजांनी सुरत लुटली तेव्हा असेल का?


जुनापुराणा | बुधवार, सकाळी १०:०२

मंडी सुरतेला १६२८च्या सुमारास, सुरतेची पहिली लूट १६६४. डोडो तोवर कशाला थांबतोय? खुद्द मॉरिशसला त्याची शेवटची खात्रीशीर नोंद १६६२ची मानतात.


खाकरा | बुधवार, दुपारी १२:३०

फोटो अजून दिसत नाहीयेत.


तळ्यातमळ्यात | बुधवार, दुपारी १:१५

आता दिसतील. क्र. ३ मध्ये मुलाने मागितलं म्हणून फक्त पोचा फोटो आहे. चार बिया मोजून घ्या.


सरळरेघ | सात महिन्यांनी, शनिवार, रात्री ११:२०

धागा वर काढतो. ऑफिसच्या कामाने मॉरिशसला आलो होतो, एक दिवस हातात होता. इल ओ एग्रेतला जाऊन आलो.

फोडी दिसला. चष्मेवाला दिसला नाही. कबूतर फक्त उडताना, पाठमोरं. पाणी प्यायला कासव एका उथळ डबक्यापाशी आलं आणि चक्क नाक बुडवून नाकाने पाणी ओढायला लागलं. गाइड म्हणाली, अल्डाब्रावर खडकांच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं, ते असंच प्यावं लागतं. इथे पाणी भरपूर आहे, तरी सवय जात नाही.

वाटेच्या कडेला गुडघाभर उंचीची एबनीची रोपं होती, एकाच जागी गर्दी करून. तुमच्या फोटो क्र. ३ची आठवण झाली. मोजली. एकोणीस.

बाकी मत कायम आहे. कासव अजून बदलीवरच.